त्या एका घोड्याच्या मागे मागे: आनंदचा अरोनियनविरुद्धचा डाव घरच्या पटावर कसा उलगडायचा

रविवारी सकाळी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जिन्याशेजारच्या मोकळ्या जागेत सात-आठ पोरं आणि दोन रिटायर्ड काका जमतात, मी त्यांना ग्रँडमास्टर लोकांचे बुद्धिबळाचे डाव लावून दाखवतो, आणि पहिले दोन-तीन महिने मी हे काम फार वाईट करायचो. मोबाईलमध्ये बघून भराभर चाली लावायच्या, मध्येच इंजिनचा (डाव तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमचा) आकडा वाचायचा, ‘मायनस तीन, म्हणजे काळा जिंकतोय’, की झालं. पोरं मान डोलवायची. मग एकदा चौथीतल्या एका मुलीने विचारलं की काका, मायनस तीन असेल तर पुढे खेळायचं काय पण? आणि मला सांगता येईना.

एप्रिल २०२५ मध्ये महिलांची ग्रां प्री पुण्यात झाली, कोनेरू हम्पी जिंकली, तेव्हाही हेच. पोरं लाईव्ह डाव बघायची, बघायची म्हणजे पटाच्या शेजारची, कोण पुढे आहे ते दाखवणारी इंजिनची पांढरी-काळी पट्टी वर गेली की ओरडायची आणि खाली आली की गप्प. ज्या गावात अभिजित कुंट्यांसारखा ग्रँडमास्टर झाला, २०१४ ची वर्ल्ड ज्युनियर स्पर्धा झाली, तिथल्या पोरांनी पट्टी बघावी हे मला काही बरं वाटेना.

तर आता मी वेगळं करतो आणि तेच इथे सांगतोय. मारामारीचा डाव असेल तर प्रत्येक चालीला एकच प्रश्न विचारायचा: समोरच्याने काय धमकी दिली, आणि याने ती ऐकली का? शांत डावात धमकी आली की लोक ती ऐकतात. तू माझ्या हत्तीवर आलास, मी हत्ती हलवतो. भडक डावात ऐकतच नाहीत, आणि का ऐकत नाहीत ते कळलं की डाव कळला. बाकी सगळं पाठांतर.

त्यासाठी मी जो डाव कायम वापरतो तो लेव्हॉन अरोनियन विरुद्ध विश्वनाथन आनंद, विक आन झी, जानेवारी २०१३. संक्रांतीचे दिवस होते, आपल्याकडे तिळगूळ चालू होता आणि तिकडे नेदरलँड्समध्ये समुद्राकाठच्या त्या गावात हे. आनंद तेव्हा वर्ल्ड चॅम्पियन, अरोनियन २८०० रेटिंगच्या घरातला, पांढरी सोंगटी अरोनियनकडे, आणि डाव फक्त २३ चालींचा. म्हणजे तास-दीड तासात होतो आणि पोरांना मध्ये शू लागायच्या आत महत्त्वाचा भाग येतो.

आधी तयारी

खरा पट घ्या. लाकडी असलाच पाहिजे असं नाही, गुंडाळायचा प्लॅस्टिकचा चालतो, पण मोबाईलवर नको, कारण मोबाईलवर चाल आपोआप होते आणि हाताला काही कळत नाही. चाली एका कागदावर लिहून घ्या आणि त्यावर दुसरा कोरा कागद ठेवा, एकेक चाल झाली की कागद खाली सरकवायचा. पुढची चाल दिसली की डोकं चालायचं थांबतं, माझंही थांबतं. इंजिन बंद. वही-पेन प्रत्येकाकडे. आणि बघणाऱ्यांपैकी एकाला फक्त हिशोबनीस करा, कोणाचं काय मेलं ते लिहायला, याचा उपयोग नंतर कळेल.

आमच्या सेटमधलं एक काळं प्यादं कधीच हरवलंय, त्या जागी पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण आहे. हे झाकण मी या डावात मुद्दाम काळ्याच्या वजिरापुढे ठेवतो, कारण ते प्यादं सातव्या चालीला मरतं आणि मग उरलेला डाव पट नीट दिसतो. तुमच्याकडेही असंच काही असणार, नसेल तर तुम्ही फार टापटीप लोक आहात.

घरांची नावं सगळ्यांना माहीत असतील तरी एकदा सांगून टाका, पांढऱ्याच्या बाजूने डावीकडून ए ते एच, आणि खालून वर १ ते ८. पांढरा राजा सुरुवातीला ई१ ला. नुसतं घराचं नाव घेतलं तर ती प्याद्याची चाल, आणि दोघांची एकेक मिळून एक चाल मोजायची. बास.

पहिल्या अकरा चाली: पटकन

इथे रेंगाळू नका. पांढरा डी४, काळा डी५. सी४, सी६. घोडा एफ३, घोडा एफ६. दुसरा घोडा सी३, ई६. ई३, आणि काळ्याचा बी८ चा घोडा डी७. उंट डी३, आता काळा डी५ च्या प्याद्याने सी४ चं प्यादं मारतो, पांढरा उंटाने परत मारतो (झाकण पटाबाहेर), काळा बी५. उंट परत डी३, काळ्याचा उंट डी६. दोघांचं राजाच्या बाजूला कॅसलिंग (राजा दोन घरं सरकून जी ला, हत्ती त्याच्यावरून एफ ला). वजीर सी२, उंट बी७. पांढरा ए३, काळा हत्ती सी८.

या ओपनिंगला मेरान म्हणतात, इटलीतल्या मेरान गावच्या १९२४ च्या टूर्नामेंटवरून, तिथे अकिबा रुबिन्स्टाइनने ग्रुनफेल्डविरुद्ध काळ्याने हे खेळलं होतं. रुबिन्स्टाइनचं नाव वहीत लिहून ठेवा, शेवटी लागतंय.

आता थांबा आणि पट तपासा. खरंच तपासा. एकदा मी पुढे पंधराव्या चालीला पांढऱ्याचं ई चं प्यादं उचलायच्या ऐवजी भलतंच उचललं, ई३ चं प्यादं तसंच राहिलं, आणि मग आनंदच्या पुढच्या दोन्ही चाली मूर्खासारख्या दिसायला लागल्या. मी अर्धा तास पोरांना काहीतरी समजावत बसलो होतो, काय समजावत होतो देव जाणे, शेवटी एका काकांनीच शांतपणे प्यादं उचलून बाजूला ठेवलं. तेव्हा अकरा चालींनंतर असं दिसलं पाहिजे: पांढऱ्याचा राजा जी१, वजीर सी२, हत्ती ए१ आणि एफ१, उंट सी१ आणि डी३, घोडे सी३ आणि एफ३, प्यादी ए३, बी२, डी४, ई३, एफ२, जी२, एच२. काळ्याचा राजा जी८, वजीर डी८, हत्ती सी८ आणि एफ८, उंट बी७ आणि डी६, घोडे डी७ आणि एफ६, प्यादी ए७, बी५, सी६, ई६, एफ७, जी७, एच७. दोघांची सात-सात प्यादी, हिशोब बरोबर.

घोडा निघाला

बारावी चाल, पांढऱ्याचा एफ३ चा घोडा जी५ ला. इथून पुढे या घोड्यावरची नजर हलवायची नाही, डाव कळायचा सगळ्यात सोपा रस्ता हाच आहे, मी त्याच्या डोक्यावर पिवळ्या कागदाचा चिटोरा चिकटवतो.

प्रश्न: धमकी काय? एच७ चं प्यादं. तिथे पांढऱ्याचे तिघे टपलेत, जी५ चा घोडा, डी३ चा उंट, आणि उंटाच्या मागे त्याच तिरक्या लाईनीवर सी२ चा वजीर. राखायला काळ्याचे दोघे, एफ६ चा घोडा आणि खुद्द राजा. तीन विरुद्ध दोन, म्हणजे प्यादं जाणार. आता सगळ्यांना वहीत काळ्याची चाल लिहायला सांगा. आमच्याकडे जवळपास सगळ्यांनी एच६ लिहिलं, घोड्याला हाकला म्हणून. मीही तेच लिहिलं असतं.

आनंदने काय केलं, सी६ चं प्यादं सी५ ला. एच७ कडे बघितलंसुद्धा नाही!

इथे पाच मिनिटं द्या. बी७ च्या उंटाकडे बोट दाखवा, तो बिचारा सी६ च्या प्याद्यामागे कोंडला होता, आता प्यादं सरकल्यावर त्याची तिरकी लाईन मोकळी झाली, बी७, सी६, डी५, ई४, एफ३, आणि थेट जी२, पांढऱ्या राजाच्या पुढ्यातलं प्यादं. सी८ चा हत्तीही जागा झाला, कारण त्याच उभ्या लाईनीवर खाली पांढरा वजीर बसलाय. म्हणजे तू माझ्या राजाकडे येतोस ना, ये, मीही तुझ्याकडे येतो, बघू कोण आधी पोचतं.

तेराव्या चालीला घोड्याने एच७ चं प्यादं खाल्लं. हिशोबनीस लिहील: पांढरा एक प्यादं पुढे. आणि घोडा आता एफ८ च्या हत्तीवर आणि एफ६ च्या घोड्यावर एकदम बसलाय. राजाने मारता येत नाही, डी३ चा उंट लांबून राखतोय. एफ६ च्या घोड्याने मारता येतो, पण मग उंट एच७ ला शह देत मारणार, राजा कोपऱ्यात, आणि प्यादं गेलं ते गेलंच.

आनंदची चाल: एफ६ चा घोडा जी४ ला. हत्ती एफ८ ला तसाच उघडा.

इथे आमचे एक काका दरवेळी ओरडतात, “अरे हत्ती चाललाय तुझा!” दरवेळी. डाव त्यांनी निदान सहा वेळा बघितलाय. पण त्यांचं ओरडणं मला हवंच असतं, कारण मग मी विचारतो की बरं, घ्या हत्ती, पुढे? आणि लावून दाखवतो: घोड्याने हत्ती मारला, तर डी६ चा उंट एच२ चं प्यादं मारून शह देतो, जी४ चा घोडा त्याला राखतोय म्हणून राजाला मारता येत नाही, राजा एच१, मग काळा वजीर डी८ वरून एच४ ला. आता उंट मधून बाजूला सरकला की वजिराचा शह. पांढऱ्याने काही केलं नाही तर उंट जी३, शह, राजा जी१, वजीर एच२, मात. हे हाताने लावा, तोंडाने सांगू नका. आणि परत सगळं जागेवर आणायला विसरू नका, अशी फांदी, म्हणजे खेळल्या न गेलेल्या चाली, दाखवल्यावर मूळ पोझिशन हरवणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा घोळ, मी आधी मोबाईलवर पटाचा फोटो काढून ठेवतो.

एक दार लावलं, दुसरं उघडलं

अरोनियन काही दुधखुळा नाही, त्याला हे सगळं दिसतंय. चौदावी चाल एफ४. डी६ च्या उंटाची एच२ कडची वाट बंद. धमकी ऐकली आणि नीट उत्तर दिलं, म्हणून पोरांना इथे ‘पांढऱ्याने चूक केली’ म्हणू देऊ नका.

पण एफ२ रिकामं झालं ना. आता मजा बघा. काळा सी५ च्या प्याद्याने डी४ चं प्यादं मारतो, पांढरा ई३ च्या प्याद्याने परत मारतो, आता ई३ पण रिकामं. सी५ पासून जी१ च्या राजापर्यंत बोट फिरवा: सी५, डी४, ई३, एफ२, जी१. मध्ये उरलंय फक्त डी४ चं एक प्यादं. एच२ कडचं दार लावायला जो लाकूडफाटा वापरला तो या दाराचा होता. (मी त्या दिवशी ई३ चं प्यादं उचललं नव्हतं, त्यामुळे हे दार माझ्या पटावर बंदच होतं, म्हणून सगळं निरर्थक वाटत होतं.)

आनंद उंट डी६ वरून सी५ ला आणतो. उघड उघड डी४ च्या प्याद्याच्या तोंडात. घेतला तर? डी७ चा घोडा सी५ ला परत मारतो आणि आता डी३ च्या उंटावर घोडा आणि वजीर दोघांचा डोळा, शिवाय डी४ ला वजिराचा शह तयार. आणि नाही घेतला तर डी४ चं प्यादं पिन, म्हणजे जागेवर अडकलेलं, हललं तर मागे राजाला शह. एच७ चा घोडा अजून तिथेच, एफ८ चा हत्ती अजून तिथेच. दोन चाली झाल्या, या दोघांना कोणी मारलं नाही, काकांचा जीव वर-खाली.

सोळावी चाल, पांढऱ्याचा उंट डी३ वरून ई२. उंट धोक्यातून बाहेर काढला आणि जी४ च्या घोड्यावर हल्ला केला, एका दगडात दोन. एच७ च्या घोड्याला आता मागून वजीर राखतोय, त्यामुळे राजाला तो अजूनही मारता येत नाही. चांगली चाल दिसते.

इथे चहा

खरंच चहा. कागद सरकवायच्या आधी ब्रेक घ्या, काळ्याची सोळावी चाल ही या डावातली सगळ्यात भारी चाल आहे, आणि ती चहा पिता पिता दहा मिनिटं शोधून न सापडण्यातच खरी गंमत आहे. मी सांगतो की काळ्याचा कुठला मोहरा काहीच काम करत नाहीये ते शोधा. कोणीतरी सांगतं, वजीर. बरोबर, डी८ ला बसलाय आणि पुढे डी७ ला स्वतःचाच घोडा आडवा. मग घोडा हलवायचा? कुठे? बी६ म्हणतात, एफ६ म्हणतात.

आनंद डी७ चा घोडा ई५ ला ठेवतो, एफ४ च्या प्याद्याच्या तोंडात.

आता हिशोबनीसाला काम द्या, काळ्याचे किती मोहरे मारात आहेत मोज. एफ८ चा हत्ती, एच७ च्या घोड्याच्या मारात. जी४ चा घोडा, ई२ च्या उंटाच्या मारात. ई५ चा घोडा, एफ४ च्या प्याद्याच्या मारात. सी५ चा उंट, डी४ च्या प्याद्याच्या मारात. चार! एकाच वेळी चार मोहरे ताटात वाढून ठेवलेत आणि पांढऱ्याला एकच घास घेता येतो.

सगळ्यात चविष्ट घास म्हणजे ई५ चा घोडा, तो लावून दाखवा. एफ४ ने ई५ मारलं, वजीर डी४ चं प्यादं मारून शह, राजा एच१ (सी५ चा उंट मागून वजिराला राखतोय हे दाखवा). आता वजीर जी१! वजीर चक्क राजाच्या शेजारी जाऊन शह देतो, राजाला मारता येत नाही कारण तिरक्या लाईनीवर उंट राखतोय, हत्तीने मारावाच लागतो, आणि मग जी४ चा घोडा एफ२, मात. राजाभोवती त्याचीच माणसं, हत्ती जी१, प्यादी जी२ आणि एच२, श्वास घ्यायला जागा नाही. हे दाखवलं की पोरं दोन मिनिटं काही ऐकत नाहीत, एकमेकांना परत परत लावून दाखवतात, करू द्या, हरकत नाही, पुढचा डाव कुठे पळून जात नाही.

कोणी विचारेल की ई५ चा घोडा डी४ च्या प्याद्याने का नाही मारायचा, तर तो पिन, मारताच येत नाही, नियमातच बसत नाही. उंट मारला तर? वजीर डी४ ला शह देत मधोमध येतो. ती फांदी मी घरचा अभ्यास म्हणून देतो, अर्ध्यांनी केली तरी खूप.

आधी शह, मग वसुली

सतरावी चाल, पांढरा ई२ च्या उंटाने जी४ चा घोडा मारतो. चारातला हाच घास त्यातल्या त्यात शहाणा, कारण हल्ल्याचं टोक तोच घोडा होता. काळ्याने लगेच परत मारावं असं वाटतं, पण तो आधी सी५ च्या उंटाने डी४ चं प्यादं मारून शह देतो, राजाला एच१ ला कोपऱ्यात ढकलतो, आणि मग ई५ च्या घोड्याने जी४ चा उंट मारतो. हा क्रम वहीत लिहून घ्यायला सांगा. वसुली कुठे जात नव्हती, पण शह आता दिला नसता तर परत मिळालाच असता असं नाही.

आता हिशोबनीसाला विचारा. आमच्याकडे जी मुलगी ‘मायनस तीन म्हणजे काय’ विचारणारी, तीच आता कायमची हिशोबनीस आहे, ती दोनदा मोजते आणि मग जाहीर करते: सारखं. दोघांकडे दोन-दोन हत्ती, तीन-तीन हलके मोहरे (उंट-घोडे), वजीर, पाच-पाच प्यादी. एवढा गदारोळ होऊन सारखं! सगळे एकमेकांकडे बघतात.

एकोणिसाव्या चालीला मात्र आपला पिवळ्या चिटोऱ्याचा घोडा एफ८ चा हत्ती खातो एकदाचा. तेराव्या चालीपासून खायचा खायचा म्हणत होता. काका म्हणतात, बघ, सांगितलं होतं. घोडा एफ८ ला बसलाय, राजाने मारता येतो, वजिरानेही मारता येतो, वहीत प्रत्येकजण हेच लिहितो.

आणि काळ्याची चाल: एफ७ चं प्यादं एफ५.

एक हत्ती मागे असताना, घोडा फुकट मिळत असताना, हा माणूस प्यादं सरकवतो. मला विचाराल तर सोळावी चाल जास्त चमकते पण ही जास्त अवघड आहे, कारण इथे काही मारलेलं नाही, शह नाही, आवाज नाही. विचारा, काळ्याला काय करायचंय? वजीर एच४ ला आणून एच२ ला मात. मग लगेच का नाही आणला? लावून बघा: वजीर एच४, तर पांढरा वजीर सी२ वरून त्या मोकळ्या तिरक्या लाईनीने सरळ एच७ ला, शह, एफ८ चा घोडा राखतोय, त्यामुळे वजिराला वजीर द्यावा लागतो आणि हल्ला संपला. म्हणून आधी एफ५, ती लाईनच बंद, आणि जी४ च्या घोड्याला खाली टेकू. आता वजीर एच४ ही धमकी खरी झाली. एफ८ चा घोडा कुठे जात नाही, नंतर बघू त्याचं.

घोडा संपला

विसावी चाल, घोडा जी६ ला, म्हणजे एच४ वर पहारा. हा घोडा आता स्वतःचा जीव देऊन राजाला वाचवतोय, आणि आतापर्यंत जी पोरं त्याला खलनायक समजत होती त्यांना अचानक वाईट वाटायला लागतं. काळा वजीर एफ६ ला, घोड्यावर. एकविसाव्या चालीला पांढरा एच३ करून जी४ च्या घोड्याला हाकलतो, काळा ऐकत नाही (आता कोणालाच आश्चर्य वाटत नाही), वजिराने जी६ चा घोडा मारतो. एफ३, जी५, एच७, एफ८, जी६, एवढा त्याचा प्रवास, एक प्यादं आणि एक हत्ती खाऊन गेला. चिटोरा काढून वहीत चिकटवा.

पण जी४ चा घोडा तर अजून मारात आहे ना? एच३ ने जी४ मारलं तर वजीर एच६, मात. राजा एच१ ला, जी१ वर डी४ च्या उंटाची नजर, एच ची उभी लाईन आता उघडी. कोणीतरी घाईत वजीर एच५ म्हणेल, तिथे जी४ चं प्यादं मारेल त्याला, एच६ च हवं. असे बारीक फरक पोरांना स्वतः सापडू द्या.

बाविसावी, पांढरा वजीर ई२, काळा वजीर एच५. धमकी काय? वजिराने एच३ मारून मात. एच३ ला जी२ चं प्यादं राखतंय असं वाटतं, पण ते हलूच शकत नाही, कारण त्याच्यामागे एच१ ला राजा आणि लांब बी७ ला तो उंट, जो बाराव्या चालीला सी५ केल्यावर जागा झाला होता आणि तेव्हापासून एकही चाल न करता तिथे बसून होता. इथे मागे जाऊन बाराव्या चालीचं पान उघडायला सांगा. आणि एच३ च्या प्याद्यालाही जी४ मारता येत नाही, तेही पिन, समोर काळा वजीर.

तेविसावी, पांढरा वजीर डी३, आडव्या लाईनीवरून एच३ राखतो आणि डी४ च्या उंटावर येतो. काळा तोच उंट ई३ ला ठेवतो. बरोबर मधल्या घरात, वजीर आणि एच३ यांच्या आड.

अरोनियनने इथे डाव सोडला. का सोडला हे न सांगता पोरांनाच विचारा, दोन गट करा आणि पांढऱ्याला वाचवायला सांगा. सी१ च्या उंटाने ई३ मारलं, तर वजीर एच३ ला शह, राजा जी१, वजीर जी२, मात. वजिराने ई३ मारलं, तर जी४ चा घोडा वजीर खातो, त्या घोड्याला उंटाने मारलं तर परत तेच, वजीर एच३, राजा जी१, वजीर जी२. आमच्याकडे यावर वीस मिनिटं भांडण चालतं.

नंतर

इंजिन आता उघडा, आधी नाही. तेही वहीत ज्या जागी प्रश्नचिन्ह राहिलंय तेवढ्यापुरतंच, दोन-तीन ठिकाणी. एकेका चालीवर आकडे बघत बसलात तर दीड तासाची मेहनत पाण्यात.

आणि ते रुबिन्स्टाइनचं नाव. डावानंतर खुद्द आनंदला रुबिन्स्टाइनचा जुना डाव आठवला होता, १९०७ चा, पोलंडमधल्या लोद्झ शहरातला, रॉटलेवीविरुद्ध. तिथेही काळ्याचे दोन उंट शेजारशेजारच्या तिरक्या लाईनींवरून राजाकडे रोखलेले, तिथेही जी४ ला घोडा, आणि तिथे तर काळा आपला वजीरच फुकट देऊन टाकतो. शेवटच्या चार चालींमध्ये रुबिन्स्टाइन इतकं काही काही मारात ठेवतो की हिशोबनीसाला दुसरं पान लागतं. पुढच्या रविवारी तो लावणार आहे. काकांना आत्ताच सांगून ठेवलंय की त्यात वजीर जातो, तर म्हणाले, मग मी येतच नाही. येतील. झाकण कुठे ठेवायचं ते मात्र अजून ठरवायचंय, त्या डावात काळ्याचं कुठलं प्यादं आधी मरतं ते बघायला हवं.